ऊस गोड म्हणून मुळासकट खायचा काय?



या पानावर एरवी आम्ही लागणीच्या तारखा, बेणे, खोडव्याची निगा आणि हुमणीचा बंदोबस्त यांवर लिहितो. या खेपेचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो उसापासून लांबचा नाही. विषय आहे थंड पेयाच्या बाटलीचा. आज पाहुणा दारात आला की चहाच्या आधी बाटली फुटते. साखरपुडा असो, बारसे असो, बैल विकल्याचा आनंद असो की उसाचे बिल जमा झाल्याचा, बाटली आलीच. तोडणीच्या फडावर टायरगाडीच्या जुवाला पिशवी अडकवलेली दिसते, आणि तिच्यातही बाटलीच असते.

हा विषय काढला की सभासद आम्हाला हटकून एक प्रश्न विचारतात. "साहेब, त्या बाटलीत आपलीच साखर हाय. आपल्याच मालाला आपणच नावं ठेवायची व्हय?" प्रश्न रास्त आहे. तो बाजूला सारून पुढे जाणे बरे नाही. म्हणून आधी हिशेबच मांडतो. सभासदाला हिशेब कळतो आणि पटतोही.

साध्या कोला पेयात १०० मिलिलिटरला सुमारे १०.६ ग्रॅम साखर असते. हा आकडा बाटलीवरच छापलेला असतो, फक्त अक्षर बारीक असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत साडेसव्वीस ग्रॅम साखर झाली. चहाच्या चमच्याने मोजली तर सहा चमच्यांहून जास्त. आता ही साखर किती उसाची? सव्वादहा टक्के उतारा धरला तर साधारण २६० ग्रॅम उसाची. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने याच उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्या दराने २६० ग्रॅम उसाचे होतात ९० पैशांच्या आसपास. त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा जाते. बाटली मिळते वीस रुपयांना. म्हणजे वीस रुपयांतला एक रुपयासुद्धा पुरता आपल्या शेतात येत नाही.

आता घरचा हिशेब. घरात रोज एक बाटली येत असेल तर वर्षाला ३६५ बाटल्या होतात. खर्च ७३०० रुपये. त्या सगळ्या बाटल्यांत मिळून साखर साडेनऊ किलोच्या वर, म्हणजे ऊस सुमारे ९५ किलो आणि त्याची एफआरपी सुमारे ३३५ रुपये. खिशातून ७३०० रुपये काढायचे आणि ३३५ रुपयांचा ऊस खपवल्याचे समाधान मानायचे, हा कुठला व्यवहार? एका एकरात ४० टन ऊस निघाला तर त्याच्या साखरेत अशा दीड लाखावर बाटल्या भरतील. आपल्या पोराबाळांनी बाटली पिऊन ती साखर संपवण्याची गरज नाही, आणि त्यांच्याने ती संपणारही नाही.

आता आरोग्याकडे वळू.

ऊस पक्व झाला की नाही हे पाहायला आमच्या गट ऑफिसात हँड रिफ्रॅक्टोमीटर असतो. कांड्याच्या रसाचा थेंब काचेवर ठेवायचा आणि ब्रिक्स वाचायचा. १८-२० च्या घरात असेल तर ऊस तोडणीला आला. थंड पेयातला गॅस जाऊ द्यावा आणि त्याचा थेंब त्याच काचेवर ठेवावा, तर ब्रिक्स १० ते ११ च्या आसपास येतो. एवढा गोडवा जिभेला जाणवत का नाही? कारण पेय बर्फागत थंड असते आणि त्यात आम्ल घातलेले असते. गारव्याने आणि आंबटपणाने गोडी झाकली जाते. सहा चमचे साखर घालून पाव लिटर साधे पाणी कोणाला दिले, तर दोन घोटांत पेला बाजूला ठेवील. तीच साखर बाटलीतून घटाघटा उतरते.

शिवाय ती पातळ असते. उसाचे कांडे दातांनी सोलून चघळायला वेळ लागतो, जबडा दुखतो आणि माणूस आपोआप थांबतो. भाकरी खाल्ली की पोट भरल्याचे कळते. पेयातल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही. म्हणून बाटली पिणारा जेवताना एक भाकरी कमी खात नाही. बाटलीतला उष्मांक वरकड ठरतो आणि चरबी होऊन साठत जातो.

साखरेचा एक कण पोटात फुटला की त्याचे दोन भाग होतात, अर्धे ग्लुकोज आणि अर्धे फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात जाते. ते आवरायला स्वादुपिंडाला एकदम भरपूर इन्शुलिन सोडावे लागते. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जाते. एकदम जास्त आले की यकृत त्याची चरबी बनवते, आणि ती तिथेच साठू लागली की डॉक्टर 'फॅटी लिव्हर' असे लिहून देतात. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाचेही यकृत अशाने बिघडते. पाटाला एकदम दांडगे पाणी सोडले तर सरी फुटते आणि बांध वाहून जातो. तेच पाणी बेताने सोडले तर पीक पिऊन घेते. शरीरातल्या साखरेचेही तसेच आहे.

याचा पुरावा मोठा आहे. २०१० साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून तीन लाखांवर लोकांचा आढावा घेण्यात आला. रोज एक-दोन वेळा गोड पेय घेणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका, जवळजवळ न घेणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त आढळला. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०२० या एका वर्षात मधुमेहाचे सुमारे २२ लाख नवे रोगी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे सुमारे १२ लाख नवे रोगी गोड पेयांपायी झाले. आपल्या देशाचे पाहाल तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला. हा आता फक्त शहरी, बैठ्या माणसाचा रोग राहिलेला नाही. मोटार चालू करायला पूर्वी विहिरीपर्यंत चालत जावे लागे, आता ती मोबाइलवरून चालू होते. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. अंगमेहनत कमी झाली आणि बाटली वाढली.

कारखान्यात साखर उतारा वाढला की आपण पेढे वाटतो. रक्तात तो वाढला की डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा आणि हृदय, सगळे खर्चात पडते.

किती साखर चालेल, याचेही माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहारसूत्रेही याच मापाच्या आसपास आहेत. म्हणजे पाव लिटरची एक बाटली पोटात गेली की दिवसाचा कोटा संपला. चहा अजून बाकीच असतो.

दातांचे वेगळेच. या पेयांत फॉस्फरिक किंवा सायट्रिक आम्ल असते. तोंडातला सामू साडेपाचाच्या खाली गेला की दातांचे कवच विरघळू लागते. कोलाचा सामू अडीचच्या घरात असतो. आपण मातीचा सामू तपासतो, तो बिघडला तर जिप्सम टाकतो, मळी टाकतो. पोरांच्या तोंडाचा सामू कोण तपासणार?

आता फडावरची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

निकाराग्वा आणि एल साल्वाडोर हे मध्य अमेरिकेतले ऊस पिकवणारे देश. तिथे गेल्या काही दशकांत मूत्रपिंडे निकामी होऊन हजारो मजूर गेले. त्यांत ऊसतोडीचे तरुण मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. मुख्य संशय उन्हातल्या अतिश्रमावर आणि अंगातले पाणी आटण्यावर आहे. तहान भागवायला गोड पेये घेतल्याने भर पडते काय, याचाही शोध चालू आहे. २०१९ साली अमेरिकेत बारा निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडून चार तास उष्ण हवेत व्यायाम करून घेतला. कॅफीन असलेले गोड पेय प्यायल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या खुणा रक्तात वाढल्या, पाणी प्यायल्यावर तशा वाढल्या नाहीत. प्रयोग लहान आहे. एवढ्यावरून शेवटचा निकाल देता येणार नाही. पण आपला ऊस तोडायला बीड-अहिल्यानगरकडून जी जोडपी येतात, ती पहाटेपासून उन्हापर्यंत कोयता चालवतात. त्यांच्या तहानेची काळजी वाहायला हा इशारा पुरेसा आहे. मध्य अमेरिकेतल्या काही कारखान्यांनी फडावर पाणी, विसावा आणि सावली यांची व्यवस्था लावली, आणि त्याने मूत्रपिंडाची इजा कमी झाल्याचे तपासण्यांत दिसले. खर्चाच्या मानाने ही सोय स्वस्त आहे.

रात्री मोळ्या भरणारे आणि ट्रॅक्टर हाकणारे तरुण झोप उडवायला 'एनर्जी'च्या बाटल्या पितात. त्यांत साखरेखेरीज कॅफीन असते, आणि कायद्याने ते लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे पिऊ नये, असे बाटलीवरच लिहिलेले असते. तरी वाड्या-वस्त्यांवरच्या टपऱ्यांत ही बाटली शाळकरी पोरांच्या हातात दिसते.

आणखी एक गैरसमज आहे. पोराला जुलाब लागले की "अशक्त झालंय, थंडा पाजा" म्हणतात. तसे करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनजलात, म्हणजे ओआरएसमध्ये, लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते आणि मीठ मोजून घातलेले असते. थंड पेयात त्याच्या जवळजवळ आठपट साखर असते आणि मीठ नावापुरते. एवढी साखर आतड्यात गेली की ती उलटे पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. ओआरएस नाव लावून गोड पेये विकण्याचाही प्रकार चालू होता. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात त्याला मनाई केली. दवाखान्यातली पुडी आणावी. ती हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे.

इथे क्षणभर थांबून विचार करा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तिथे गोडी औषध झाली. लिटरला सहा चमचे घातली तर जीव वाचवते, पाव लिटरला सहा चमचे घालून रोज पाजली तर रोग आणते. दोष साखरेचा नाही, मात्रेचा आहे. युरिया वाईट आहे काय? नाही. पण एकाच हप्त्याला चार पोती ओतली तर ऊस लोळतो, कीड लागते आणि उतारा बसतो. हे ज्याला कळते, त्याला बाटलीचे गणित अवघड जाऊ नये.

आता खरे बोलायचे तर आपल्या मालाचेही खरे बोलले पाहिजे. "थंडा सोडतो, रसवंतीत बसतो" असे कोणी म्हणेल. उसाचा रस ताजा असतो, आपला असतो, पण त्यात साखर कमी नसते. शंभर मिलिलिटर रसात १३ ते १५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त. बर्फाने पातळ झाला तरी मोठा ग्लास बाटलीच्या बरोबरीलाच येतो. गुळाचेही तसेच. गूळ बहुतांशी साखरच आहे. यात्रेला, पाव्हण्यांसंगे एखादा ग्लास प्यावा, जरूर प्यावा. रोजची सवय नको. आणि शुगर निघालेल्याने दोन्हींपासून लांब राहावे. 'डाएट' लिहिलेल्या बाटलीत साखर नसते, कृत्रिम गोडवा असतो. वजन आटोक्यात ठेवायला त्याचा आधार घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. देशात तयार होणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर घराबाहेर, म्हणजे पेये, मिठाई, बिस्किटे अशा धंद्यांत जाते. उद्या सगळ्यांनी पेये कमी केली तर साखरेच्या खपाला थोडा धक्का बसेल. हे आम्ही लपवत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात घ्या.

एक, ऊस आता एकट्या साखरेवर उभा नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. त्यात मक्याचा आणि तांदळाचा वाटा मोठा आहे, पण उसालाही ही वाट मोकळी झाली. जोडीला वीज आहे. मोटारीने कितीही गोड प्याले तरी तिला मधुमेह होत नाही.

दोन, ज्याला शुगर झाली ते गिऱ्हाईक आपल्या हातून जन्मभरासाठी गेले. तो चहातली साखर सोडतो, पुरणपोळी सोडतो आणि दिवाळीच्या करंजीकडे नुसता बघत बसतो. बेताने खाणारा माणूस ऐंशी वर्षे साखर विकत घेतो. आपला खरा फायदा कशात आहे, तुम्हीच ठरवा.

तीन, सहकार हा निव्वळ दुकानदारीचा धंदा नाही. लोणीला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी कारखान्यांच्या मागोमाग शाळा आल्या, दवाखाने आले. सभासदाचा ऊस घ्यायचा आणि सभासदाच्या तब्येतीकडे पाठ करायची, ही सहकाराची रीत नव्हे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, १९७७ साली कोका कोला देश सोडून गेली आणि १९९३ साली परत आली. त्या काळी काचेची बाटली दुकानातच उभ्याने पिऊन परत करावी लागे, आणि तीही कधीमधी. आता दोन-दोन लिटरची प्लास्टिकची बाटली फ्रिजात बसून असते आणि पाण्यागत ओतली जाते. सरकारने या पेयांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटीच्या गटात घातले. आधीही २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर होताच. साखरेवर मात्र ५ टक्के आहे. सरकारलाही पोत्यातली साखर आणि बाटलीतली साखर यांतला फरक कळतो.

मग करायचे काय? आमच्या विभागाच्या वतीने काही सूचना संचालक मंडळापुढे आणि तुमच्यापुढे ठेवतो.

मोळी पूजन, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि शेतकरी मेळावे यांत बाटल्या वाटणे बंद व्हावे. त्याऐवजी मठ्ठा द्यावा. दूध आपल्याच गोठ्यातले आहे. कारखान्याच्या उपाहारगृहात ताक आणि पिण्याचे गार पाणी आधी दिसावे.

फडावर टोळी लागली की ज्याचा ऊस त्याने स्वच्छ पाण्याची टाकी किंवा माठ ठेवावा. भर दुपारी विसाव्याला सावली असावी. मुकादमाच्या पेटीत ओआरएसच्या पुड्या असाव्यात, त्या गट ऑफिसातून मिळण्याची सोय व्हावी.

केंद्रीय शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कोणत्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावे, हा त्यामागचा हेतू. आपल्या भागातल्या शाळांनीही असा फलक लावावा. साखर कारखान्याच्या गावात साखरेचे माप पोरांना ठाऊक नसेल तर ते कुठे असणार?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने, आणि घरातल्या बायामाणसांनी तर नक्कीच, वर्षातून एकदा रक्त तपासावे. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. उपाशीपोटी १०० च्या आत आकडा असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, तिथून मागे फिरता येते. १२६ किंवा वर असेल तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. माती परीक्षणाला आपण नमुना देतो, तसा वर्षाकाठी रक्ताचाही द्यावा.

आणि घरात पाहुणा आला तर त्याला पाणी, ताक, कमी साखरेचे लिंबूपाणी, कोकमाचे सार किंवा नाचणीची आंबील द्या. बाटली दिली नाही म्हणून सोयरीक मोडल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. ते ऊस पिकवणारेच होते आणि उसावर त्यांची माया आपल्याहून कमी नव्हती. आपली साखर चांगली आहे. ती मोजून खाल्ली जावी आणि तिला भाव नीट मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे. या सूचनांवर तुमचे म्हणणे काय, ते गट ऑफिसात लेखी द्यावे. सर्वसाधारण सभेपूर्वी ते संचालक मंडळाकडे पोचवू.

कळावे. जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी